एका वेळी एकच शब्द

गड्डम सरांच्या संगणकावर टॅबचं बटण दाबलं की काही व्हायचं नाही. कर्सर चार घरं पुढे सरकायचा, बस. विभागात नवीन आलेल्या माणसाचा पहिला तास यातच जायचा. सांगोल्याचे पवार सर तर रुजू झाले त्याच दिवशी मला शोधत ऑफिसात आले.

"मॅडम, गड्डम सरांचा कीबोर्ड गेलाय. नवा मागवा की."

"गेलेला नाही. त्यांनीच तसा करून ठेवलाय."

"का पण?"

"ते त्यांनाच विचारा. हाताशी वेळ असेल तरच विचारा."

पवार विचारायला गेले. परत आले तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती आणि त्यांचा डबा तसाच होता.

आमच्या कॉलेजच्या संगणक विभागात वेळापत्रकं, किल्ल्या, दुरुस्त्या आणि प्रिंटरची शाई माझ्याकडे. शिकवणाऱ्यांच्या सवयी माझ्याकडे नाहीत, पण त्यांचा त्रास शेवटी माझ्याच टेबलावर येतो. गड्डम सरांचा सगळ्यांत जास्त आला.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायथन ही संगणकाची एक भाषा. ती शिकवायला शेल वापरतात. पडद्यावर काळी खिडकी उघडते, तुम्ही एक ओळ लिहून एंटर मारायचं, संगणक तिथल्या तिथे उत्तर देतो. सगळं लिहायचा कंटाळा येतो म्हणून त्यात सोयी असतात. दोन अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेलं नाव संगणक पुरं करतो. शिवाय तशी ओळ तुम्ही पूर्वी कधी लिहिली असेल तर ती करड्या अक्षरांत आपोआप पुढे उमटते, आणि उजवीकडचा बाण दाबला की अख्खी ओळ तुमची. कोणत्या बटणाने काय व्हावं हे एका फाइलीत लिहून बदलता येतं. बहुतेक लोक ती फाइल आयुष्यात उघडत नाहीत. गड्डम सर ती रोज उघडायचे, काही लोक देवघर उघडतात तशी.

त्यांनी टॅबचं काम काढून घेतलं होतं. उजवा बाण मुका केला होता. पुढचं सुचवलेलं घ्यायचं तर कंट्रोल आणि एक अक्षर अशी दोन बटणं एकदम दाबायची, आणि एवढं करून हाती यायचा एकच शब्द. पुढचा शब्द हवा तर पुन्हा दाबा. सोय असून गैरसोय करून ठेवलेली.

कारण विचारलं तर प्रत्येकाला वेगळं मिळायचं. प्राचार्यांना त्यांनी सांगितलं की मोठ्या कंपन्यांत असंच चालतं. मुलांना सांगितलं, टॅब आळशांसाठी असतं. मला म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय. कोणत्या डॉक्टरांनी, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी स्टॉक तपासणी होती.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बिराजदार सरांसमोर कोणी काढत नसे.

बिराजदार सर आमचे विभागप्रमुख. अक्कलकोटकडचे, मनाने मोठे, हाताने घाईचे. एका वर्षी मुलांचे अंतर्गत गुण त्यांना फाइलीत चढवायचे होते. शेलमध्ये दोन अक्षरं लिहिली, करड्या अक्षरांत ओळ उमटली, सरांनी बाण दाबला, एंटर मारला आणि चहाला गेले. ती ओळ मागच्या वर्षीची होती. यंदाच्या गुणांवर मागच्या वर्षीचे गुण जाऊन बसले, आणि यादी फलकावर लागली. लग्न होऊन कॉलेज सोडून गेलेल्या मोडनिंबच्या एका मुलीला त्यात प्रथम श्रेणी होती. तिच्या वडिलांचा मला फोन आला.

"मॅडम, आमची पोरगी पास झाली म्हनं."

"हो, यादीत नाव दिसतंय."

"ती तर तिकडं लातूरला नांदती की. परीक्षेला आलीबी न्हाय."

मी फोन ठेवून यादी पुन्हा वाचली आणि ती काढायला स्टूल घेऊन गेले.

बैठकीत बिराजदार सर म्हणाले, "संगणकानेच सुचवलं हो."

"त्याने सुचवलं," गड्डम सर म्हणाले. "'हो' तुम्ही म्हणालात."

त्याच आठवड्यात लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर टॅब आणि बाण बंद झाले. परवानगी वगैरे त्यांनी काही घेतली नाही. मुलांनी तक्रारअर्ज दिला. तो त्यांनी स्वतःच आवक केला आणि स्वतःच फाइलला लावला.

गड्डम सर सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली, मागवाल्यांच्या घरात वाढलेले. घरात माग सुरू असायचे, त्यामुळे मागाच्या आवाजावर आवाज काढायची सवय त्यांना जन्मापासून. कानात सांगायची गोष्टही ते अशी सांगायचे की वरच्या मजल्यावरचा वर्ग लिहून घेई. घरी तेलुगू, वर्गात मराठी, रागात दोन्ही. मुलगा घाईने एंटर मारायला निघाला की मागून आवाज यायचा, "आगु." म्हणजे थांब. पहिल्या महिन्यात आमच्या लॅबमधली सगळी मुलं, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी, माळशिरसची, तेलुगूतला हा एक शब्द शिकायची. "वाच आधी. काय लिहिलंय त्याने? तुला तेच म्हणायचंय का? मग दाब."

हे तत्त्व त्यांनी संगणकापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. आपलं वाक्य दुसऱ्याने पुरं केलेलं त्यांना खपत नसे. कँटीनवाले महादेवप्पा त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारे. एकदा गड्डम सर काउंटरवर जाऊन "चहा" एवढंच म्हणाले, आणि महादेवप्पांनी पुढचं जोडलं, "बिनसाखरेचा, सर, हो ना?"

"नाही," गड्डम सर म्हणाले. "कॉफी."

त्यांना कॉफी आवडत नव्हती. पुढचा आठवडाभर ते कॉफीच प्यायले, तोंड वाकडं करून, महादेवप्पांकडे बघत.

आता न्यायाने सांगायचं तर दुसऱ्याची वाक्यं पुरी करायला हा माणूस सदैव पुढे. ती पुरी व्हायची चुकीची, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. मुलगा दारात येऊन म्हणायचा, "सर, उद्या मला..."

"सुट्टी हवी. मिळणार नाही."

"न्हाय सर. उद्या मला लवकर यायचं होतं. किल्ली कुणाकडं मागू?"

मग आवाज एक पट्टी खाली यायचा. "माने मॅडमकडे." त्यांच्या बाबतीत यालाच माफी समजायचं. चुकलो, हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. त्यांच्या पत्नी सावित्रीवहिनी म्हणायच्या, लग्नातसुद्धा अक्षता पडायच्या आधी भटजींची चूक काढली होती यांनी.

निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात लवकर नेलं म्हणून निभावलं. चालता येत होतं, पण उजवा हात कामाचा राहिला नाही. आणि शब्द अडकू लागले. समजायचं सगळं. वाचायचे, हिशेब करायचे, समोरच्याची चूक डोळ्यांनी काढायचे. बोलायला गेले की वाक्य अर्ध्यावर यायचं आणि एका शब्दापाशी उभं राहायचं. तेलुगू शब्द आधी सापडे, मराठी मागून, इंग्रजी सगळ्यांत शेवटी.

मी भेटायला गेले तेव्हा खोलीत नातेवाईक होते. सर म्हणाले, "मला... ते..."

"पाणी?"

"पंखा लावू का?"

"आडवं व्हायचंय वाटतं."

"मुलीला फोन लावून देऊ?"

अंताक्षरीच चालली होती. यात सावित्रीवहिनी सगळ्यांत पुढे. त्या बालवाडीत शिकवायच्या. चार वर्षांच्या मुलांची वाक्यं पुरी करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्या नुसता शब्द द्यायच्या नाहीत, पूर्ण वाक्य द्यायच्या आणि वर खुलासाही. "त्यांना म्हणायचंय की चष्मा द्या, म्हणजे कालचा नाही, जुना, कारण नवा त्यांना टोचतो."

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं दमले. दमले नव्हते, चिडले होते. थोड्या वेळाने डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी कॉटच्या लोखंडी कडेवर ठक ठक वाजवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एक."

"एक काय?"

पुन्हा ठक ठक. "एक... एक..."

"शब्द?" मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग बोटं उचलून हवेत तशीच धरली, स्वतःचे ओठ घट्ट मिटले आणि वहिनींकडे रोखून बघितलं. तेवढ्यात मला कळलं. ठक ठक केलं तर एक शब्द द्यायचा, एकच. चुकला तर दुसरा देऊन बघायचा. ठक ठक केलं नाही तर तोंड बंद ठेवायचं. या माणसाने आमच्यावर शॉर्टकट बसवला होता.

वहिनींना ते अवघड गेलं. त्या एक शब्द द्यायच्या आणि उरलेलं वाक्य गिळायचं म्हणून पदर तोंडावर धरायच्या.

मग संगणक आला. पवार सरांनी घरी नेऊन दिला. सगळी बटणं डाव्या हाताशी आणायची होती, म्हणजे ती फाइल पुन्हा पहिल्यापासून लिहायची. पवार म्हणाले, "सर, मी करून टाकतो. पाच मिंटांचं काम हाय." सरांनी त्यांचा हात कीबोर्डवरून बाजूला सारला. मग एक-एक बटण लावायचं, दाबून बघायचं, जमलं नाही की काढायचं, असं त्यांचं दिवसचे दिवस चाललं. आता एका हाताने लिहायचं असल्यामुळे सुचवलेलं घ्यावंच लागणार होतं. मला वाटलं, आता तरी अख्खी ओळ घ्यायची सोय ठेवतील. नाही ठेवली. डाव्या अंगठ्याजवळच्या दोन बटणांनी एक शब्द, एवढंच. पवार मला फोनवर म्हणाले, "मॅडम, मानूस आजारी पडला पन सुधारला न्हाय."

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि खरा प्रश्न आला. बिराजदार सरांनी, चांगल्या मनानेच, सुचवलं की गड्डम सरांना निवृत्तीपर्यंत परीक्षा विभागाच्या कोठारात बसवावं. जुन्या उत्तरपत्रिका, एक खुर्ची, एक पंखा. बोलायचं काम नाही. निरोप मीच घेऊन गेले. सरांनी ऐकून घेतलं.

"प्रॅक्टिकल," ते म्हणाले. हा शब्द अडकला नाही.

"सर, मुलांना समजावून सांगायचं म्हणजे..."

"प्रॅक्टिकल," ते पुन्हा म्हणाले, त्या मागावरच्या आवाजात. बाहेरच्या खोलीतून वहिनी धावत आल्या.

मी प्राचार्यांना तसंच सांगितलं. प्राचार्य नवीन होते, बाहेरून आलेले, कमी बोलणारे. ते म्हणाले, एक प्रॅक्टिकल आमच्यासमोर घेऊ द्या. जमलं तर लॅब त्यांची. नाही जमलं तर कोठार.

त्या दिवशी लॅबमध्ये पुढच्या रांगेत प्राचार्य आणि बिराजदार सर, मागे दुसऱ्या वर्षाचा वर्ग, भिंतीपाशी पवार आणि मी. सरांचा पडदा प्रोजेक्टरने भिंतीवर मोठा दिसत होता. त्यांनी दोन याद्या केल्या. एक मुलांच्या गुणांची, एक त्यांच्या हजेरीची. डाव्या हाताने दोन अक्षरं लिहायची, करडा शब्द उमटायचा, अंगठा दाबायचा, तो शब्द पांढरा व्हायचा. मग सर तो मोठ्याने म्हणायचे. शब्द पडद्यावर दिसला की तोंडातूनही बाहेर यायचा, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हळू चाललं होतं, पण वर्ग बरोबर लिहून घेत होता. एकदा त्यांनी टेबलावर ठक ठक केलं, पवारांनी एक शब्द दिला, सर पुढे गेले. बिराजदार सर मान डोलवायला लागले.

मग त्यांनी गुणांची सरासरी काढली. भिंतीवर उत्तर आलं. अडुसष्ट आणि काहीतरी. नीट दिसत होतं, कोणालाही पटेल असं. मुलांनी लिहून घेतलं.

सर थांबले.

"मी..." ते म्हणाले. "हे... मी..."

ठक ठक झालं नव्हतं. पवार दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. मी गप्प. पण पुढच्या रांगेला नियम माहीत नव्हता.

"सरासरी," बिराजदार सर म्हणाले.

सरांनी मान हलवली. नाही.

"फंक्शन? उत्तर? बरोबर, उत्तर बरोबर आहे, असं ना, सर?"

नाही.

"दमलात का? पाणी आणा रे कोणीतरी."

प्राचार्यांनीही एक टाकून पाहिला. "पुढचा भाग?"

सरांचं कपाळ घामाने भिजलं होतं. मला वाटलं, गेलं. कोठार, खुर्ची, पंखा. पुढे जायचं होतं फक्त. उत्तर आलं होतं, वर्ग खूश होता, पुढची ओळ लिहिली असती तर लॅब त्यांची होती.

ते कीबोर्डकडे वळले. एक हॅशचं चिन्ह काढलं. शेलमध्ये हॅश पुढे असला की ती ओळ संगणक वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते. त्यापुढे इंग्रजी अक्षरांत, एका हाताने, एक-एक अक्षर शोधून त्यांनी मराठी लिहिलं. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं उमटली: गप्प बसा.

मागच्या रांगा खाली वाकल्या. बिराजदार सरांनी प्राचार्यांकडे बघितलं.

"बसलो," प्राचार्य म्हणाले आणि हाताची घडी घातली.

सर भिंतीवरच्या ओळींकडे बघत शब्द शोधत राहिले. प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत होता.

"चुकलो," गड्डम सर म्हणाले.

त्यांनी वरच्या ओळीवर बोट नेलं. सरासरी काढताना गुणांच्या यादीचं नाव लिहायचं होतं. दोन्ही नावांची सुरुवात सारखी; दोन अक्षरांवर हजेरीच्या यादीचं नाव करडं उमटलं होतं, त्यांच्या अंगठ्याने त्याला हो म्हटलं होतं आणि या वेळी ते त्यांनी मोठ्याने म्हटलंही नव्हतं. भिंतीवरचा आकडा हजेरीचा होता. आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. "वाचलं... नाही," ते म्हणाले. "मी."

आम्ही इतके शब्द त्यांच्यापुढे टाकले, पण हा कोणी टाकला नाही. टाकणार कुठून? संगणक काय नि माणूस काय, पूर्वी ऐकलेलंच पुढे करतो. हा शब्द आमच्यापैकी कोणाच्याच साठ्यात नव्हता.

त्यांनी नाव बदललं, पुन्हा एंटर मारला, नवा आकडा आला. मुलांनी जुना खोडला.

वर्ग सुटल्यावर बाहेर बिराजदार सर म्हणाले, "सर, तसा प्रयत्न चांगला होता. पण चूक झाली ना त्यांची."

"तुम्हाला दिसली होती?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही." ते माझ्याकडे वळले. "माने मॅडम, सोमवारपासून यांचं वेळापत्रक लावा."

लावलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्रॅक्टिकल घेतली. गैरहजर मुलांना कमी गुण, घाई करणाऱ्यांना त्याहून कमी. कोठारात बिराजदार सरांनी शेवटी जुने कीबोर्ड ठेवले.

निवृत्तीनंतर सर आणि वहिनी मुलीकडे हैदराबादला निघाले. संध्याकाळच्या गाडीने, सोलापूर स्टेशनवरून. आम्ही विभागातले सगळे पोचवायला गेलो. बिराजदार सरांनी हार आणला होता, पवारांनी घरच्या बागेतली डाळिंबं, मी शेंगाचटणी, व्यवस्थित दुहेरी पिशवीत. सामान चढलं, पाया पडून झालं, फोटो झाले. गाडी हलायच्या बेतात असताना सर डब्याच्या दाराशी आले, डाव्या हाताने दांडी धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम... ते..."

दांडी धरलेल्या हाताने ठक ठक कसं करणार? लोकांनी आपापलं धरून घेतलं.

"आठवण येईल," बिराजदार सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"पोचल्यावर फोन करतो म्हणायचंय."

"या म्हणतायत, हैदराबादला या."

"सर, आमी येतो की," पवार म्हणाले. "डाळिंबं घिऊन येतो."

सर प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होते. त्यांच्या मागे सावित्रीवहिनी उभ्या होत्या, पदर तोंडावर दाबून. गाडी सुटली. सर दारातच होते, तोंड अर्धं उघडं, नजर माझ्यावर, अजिबात घाई नाही. शब्द यायच्या आत डबा फलाटाच्या टोकाशी गेला.

बिराजदार सर रुमाल शोधत होते. स्टेशनाबाहेर जो तो आपापल्या वाटेला लागला. गड्डम सरांना काय म्हणायचं होतं, यावर प्रत्येकाचं मनात काही ना काही ठरलेलं होतं. माझंही होतं.

रिक्षात बसले तेव्हा फोन वाजला. सरांचा संदेश. एक शब्द आला. मग दुसरा. मग थोड्या वेळाने तिसरा. रिक्षा सात रस्ता चौकात वळली तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं. चार नंबरच्या मशीनचा पंखा आवाज करतोय, बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्यागेल्या लॅब उघडली आणि चार नंबर चालू केला. आवाज येत होता.